सॅम्पलच्या डबीवरची लाल पट्टी

माझ्यासारख्या बाईला उघड्या सॅम्पलच्या दुकानात नेऊच नये. सव्वीस वर्षं मी प्रयोगशाळेत दुसऱ्यांची घाण मोजतेय. हॉटेलांचे चमचे, शाळांचे नळ, कँटीनचे ओटे यांच्यावरून कापसाचा बोळा फिरवून आमच्याकडे आणतात. तो मी डिशमध्ये टेकवते आणि दोन दिवसांनी तिच्यात काय काय उगवलं ते बघते. तुम्हाला चमचा चकचकीत दिसतो, मला त्यावर नांदणारं अख्खं गाव दिसतं. घरातले म्हणतात, हिच्या शेजारी जेवायला बसलं की भूक मरते. मरू दे. पोट तरी बिघडत नाही.

पण वहिनीने नेलंच.

आम्ही दोघी भाचीच्या कार्यक्रमाला आलो होतो. पोरगी नर्स झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिच्या कॉलेजात बिल्ल्याचा समारंभ होता. मुलीच्या खांद्यावर बिल्ला तिच्या आईनेच स्टेजवर येऊन लावायचा, अशी तिथली पद्धत. दादाला रजा मिळाली नाही म्हणून वहिनीच्या सोबतीला मी. रात्रभराच्या बसमध्ये वहिनीने माझ्या स्कार्फला साडीपिन लावून दहादा सराव केला, दोनदा मला टोचली आणि लहान मुलीसारखी हसली.

वहिनीला गेली चार वर्षं कातडीचा आजार आहे. कपाळावर, गालांच्या कडेला, दोन्ही हातांवर लाल चट्टे उठतात आणि त्यांचे पापुद्रे सुटतात. तो कुणापासून कुणाला होत नाही. हे घरात पहिल्यांदा कुणी सांगितलं? मीच. दादाला समोर बसवून, डॉक्टरांचा कागद वाचून सांगितलं होतं.

आणि तरीही त्या सकाळी लॉजच्या खोलीत मी काय केलं, ते आत्ताच सांगून टाकते. खोली बघूनच माझं डोकं फिरलं होतं. उशीवर कुणाच्या तरी तेलाचा डाग, बादलीच्या तळाशी हिरवी साय, मोरीच्या जाळीत केसांचा गुंता. शी! मी पिशवीतून जंतुनाशक काढलं, तासभर घासघास घासलं, मग मोरीतल्या फळीवर आमच्या दोघींच्या वस्तू मांडल्या. माझ्या पर्समध्ये लाल चिकटपट्टीची गुंडाळी कायम असते. प्रयोगशाळेत ती लावली की समजायचं, ही वस्तू वेगळी ठेवायची, दुसऱ्या कशात मिसळायची नाही. जित्याची खोड. वहिनीच्या साबणाच्या डबीला एक तुकडा, ग्लासाला एक, टॉवेलाच्या कोपऱ्याला एक, असे लावून मोकळी झाले.

वहिनी आंघोळीला आली, फळीकडे बघत उभी राहिली.

"अदलाबदल नको व्हायला," मी म्हटलं. "काळजी म्हणून गं, बाकी काही नाही."

"हो," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

दुपारी जेवताना ती एकदम म्हणाली, "वन्सं, उद्या स्टेजवर माझ्याऐवजी तुम्हीच जा. आत्या काय नि आई काय, सारखीच."

मला वाटलं, चेहऱ्यामुळे म्हणतेय. चट्टे वाढले होतेच. मी भाचीला फोन लावला, तर ती रडायलाच लागली. "आत्या, बिल्ला लावेल तर आईच लावेल, नाहीतर मी तो घेणारच नाही." मग नाक ओढत तिने एका कोरियन क्रीमचं नाव सांगितलं. तिच्या मैत्रिणीच्या आईला असाच त्रास होता, तिला बरं वाटलं म्हणे. "बसस्टँडसमोर दुकान आहे. पण आधी सॅम्पल लावून बघा, मग घ्या. आईला काहीही लावलं तरी आग होते."

म्हणून गेलो.

दुकान बाहेरून दवाखान्यासारखं पांढरंशुभ्र. आत सगळ्या बाटल्या, डब्या झाकणं काढून मांडलेल्या, आणि येईल तो बोटं घालतोय. एका पोरीने ओठांचं मलम थेट ओठांवर फिरवलं, आरशात चुंबनाचं तोंड करून बघितलं आणि नळी परत जागेवर ठेवली. तिच्यामागच्या पोरीने तीच उचलली. एक गृहस्थ उन्हाचं क्रीम कोपराला चोळत होते, मग मानेला, मग शर्टाच्या आत हात घालून आणखी कुठे कुठे. एक बाई डबीवरच शिंकली, तिने इकडेतिकडे बघितलं आणि त्यातलंच क्रीम घेतलं. स्वतःच्याच शिंकेचं!

आम्हाला हवी ती डबी मधल्या टेबलावर होती. क्रीममध्ये नखांचे ओरखडे, कडेला पिवळा थर, आणि मधोमध, देवाशप्पथ, पापणीचा एक केस.

"शी शी शी! वहिनी, हात लावू नकोस. किती जणांची बोटं असतील यात! आणि यात आहे तरी काय?"

वहिनीने डबीवरचं वाचलं. "गोगलगाईचा चिकट स्राव."

"म्हणजे शेंबूड."

"हळू बोला ना, वन्सं."

"हळू बोलल्याने त्याचं अत्तर होणार आहे का?"

बाजूला एका ग्लासात लाकडी चपट्या काड्या होत्या. त्या कशासाठी आहेत, हे अख्ख्या दुकानात फक्त वहिनीने वाचलं. तिने एक कोरी काडी घेतली, केसाला वळसा घालून कडेचं मुगाएवढं क्रीम उचललं, मनगटाच्या आतल्या बाजूला लावलं आणि काडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्या टेबलापाशी स्वच्छ वागलेलं माणूस एकच.

काउंटरवरची विक्रेती गोड होती. "अर्धा तास थांबून बघा मॅडम, आग नाही झाली तर चेहऱ्यावर लावा."

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. वहिनी मनगट मांडीवर ठेवून एकटक बघत होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"आग?"

"नाही."

"खाज?"

"नाही हो. गार वाटतंय."

"सांभाळ. गोगलगाय नि पोटात पाय."

ती फसकन हसली. सकाळपासून पहिल्यांदा. "हे चट्टे एका रात्रीतून काही जाणार नाहीत, कळतं मला," ती म्हणाली. "पण निदान पापुद्रे बसले तरी पुरे. स्टेजवर सगळ्यांसमोर तिच्या नव्या कोऱ्या गणवेशावर पडायला नकोत."

म्हणजे जायचं तिच्या मनात होतं! मला एवढा आनंद झाला की मी बाकाला हात टेकलाय हेही विसरले.

अर्ध्या तासाने आम्ही पुन्हा आत गेलो. वहिनीने दुसरी कोरी काडी घेतली, आरशासमोर उभी राहिली आणि उन्हासाठी म्हणून चेहऱ्याला बांधलेला तिचा स्कार्फ सोडला.

विक्रेतीने बघितलं आणि एक पाऊल मागे गेली. शिंकवाली बाई अजून तिथेच होती, ती पिशवी छातीशी धरून बाजूला झाली. वहिनीने गालावर क्रीम टेकवलं न टेकवलं, तोच विक्रेतीने टिश्यूपेपर घेतला, दोन बोटांत ती डबी उचलली, खणातून गोल लाल चिकटपट्टी काढून तिच्यावर लावली आणि डबी काउंटरखाली ठेवून दिली. मग त्याच टिश्यूने टेबल पुसलं.

माझं टाळकं सटकलं.

"ए बाई! त्यात पापणीचा केस होता, तेव्हा नाही काढलीस ती? या बाई डबीवर शिंकल्या, तेव्हा कुठे गेली होतीस? लागण होत नाही त्याची! प्रयोगशाळेत आहे मी, सव्वीस वर्षं! ज्या एकटीने काडी वापरली, तिच्यानंतर तुला टेबल पुसायचं सुचलं?"

विक्रेती काही उर्मट नव्हती. हळू आवाजात म्हणाली, "चिडू नका मॅडम. काळजी म्हणून केलं, बाकी काही नाही."

शब्दसुद्धा माझेच होते.

वहिनीने काडी कचऱ्यात टाकली, स्कार्फ नीट बांधला. "तिला कशाला ओरडता, वन्सं?" ती म्हणाली. "तिला बिचारीला कुठे ठाऊक आहे लागण होत नाही ते? ठाऊक असणाऱ्यांनी सकाळी तीन पट्ट्या लावल्या."

आवाज चढवला नाही, काही नाही. बोलली आणि चालू लागली.

उशा, बादल्या, शेंबूड, शिंका... दिवसभरात ज्या ज्या गोष्टींची शिसारी आली होती, त्या सगळ्या मला एकदम किरकोळ वाटल्या. माझी मलाच इतकी घाण वाटली की तिथल्या तिथे ओकारी येईल असं झालं. तरी तेवढ्यात नवी सीलबंद डबी घेतली आणि तिच्यामागे धावले.

खोलीत आल्यावर पलंगाच्या कडेला पाठमोरी बसली. "उद्या तुम्हीच जा. पिन सरळ धरा, पोरीला टोचू नका."

"वहिनी, चुकलं माझं."

"असू द्या."

हे 'असू द्या' शिवीपेक्षा वाईट. मी तडक मोरीत गेले. साबणाच्या डबीची पट्टी ओढली, ग्लासाची ओढली. चांगल्या प्रतीची पट्टी, मेली निघता निघेना, नखाने खरवडली. मग तिचाच साबण घेऊन तोंड धुतलं. मग तिचा टॉवेल घेतला. आणि खोटं कशाला बोलू? हात थबकला. सगळं शास्त्र तोंडपाठ असूनही मला किळस आली. स्वतःला म्हटलं, थू तुझ्या जिंदगानीवर. डोळे मिटले आणि त्या टॉवेलाने खसाखसा तोंड पुसलं. कपाळ, गाल, ओठ, कानामागे, सगळीकडे, तीन-तीनदा.

डोळे उघडले तर वहिनी दारात उभी.

"अहो वन्सं! शी! काय करताय हे?"

"तुझ्या टॉवेलाने तोंड पुसतेय. यापुढे रोज पुसेन."

"अहो, पण..." तिने तोंडावर हात ठेवला. "त्याने मी सकाळपासून पाय पुसतेय! तोंडाचा टॉवेल बॅगेत आहे माझ्या. लाल पट्टीच्या टॉवेलाने तोंड पुसायचं जिवावर आलं, म्हणून तो पायांना घेतला."

मी हातातल्या टॉवेलाकडे बघितलं. कोपऱ्याला लाल पट्टी होती आणि मधोमध राखाडी डाग. बसस्टँडची धूळ, लॉजच्या जिन्यातला चिखल, मोरीचं पाणी. माझी जीभ नुकतीच ओठांवरून फिरली होती. मी बेसिनवर वाकले आणि मागे वहिनी हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, मग पुन्हा हसली. मी चुळा भरत होते, ती माझी पाठ चोळत होती.

सहाव्या चुळेनंतर मी मान वर केली, तेव्हा ती माझ्या पर्समधून लाल चिकटपट्टीची गुंडाळी काढत होती. तिने ती कचऱ्याच्या डब्यात टाकली, नवी क्रीमची डबी उघडली आणि आरशासमोर बसली.

"उद्या दहाला आहे ना?" तिने विचारलं. "मग नऊलाच निघू. असल्या पाय पुसलेल्या तोंडाने तुम्हाला कुठे पाठवू स्टेजवर? मीच जाते."