सिगारेटच्या कागदाचा एक वेढा

टिकलीएवढा पांढरा दिवा लागला, क्षणभर राहिला, आणि कुणी श्वास सोडावा तसा विझला. नेलिदा बघत राहिली. २०१९चा मार्च होता, सीमेवरचं रिवेरा गाव दुपारच्या झोपेत बुडालं होतं, आणि तिच्या नवऱ्याची विजेवरची सिगारेट, वाल्देमारचा व्हेप, टेबलावर त्याच्या खुर्चीसमोर पडला होता — आठ महिन्यांपूर्वी त्याने ठेवला तिथेच. दर रविवारी ती तो चार्ज करी. कशासाठी, ते तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

दिवा का लागतो ते तिला ठाऊक होतं. द्रवाची कुपी खोबणीत ढिली बसली की फटीतून वारा शिरतो, आणि कुणीतरी ओढतंय असं त्या यंत्राला वाटतं. गिऱ्हाइकांना ती हेच सांगे. दुकानात ही वस्तू मिळत नाही, रस्त्यापलीकडून, ब्राझीलच्या बाजूने, पिशवीत लपून येते. सुटे भाग कुठले यायला? म्हणून सगळी गल्ली तिच्याकडे. आज सकाळीच खाटीक एलादिओ येऊन गेला होता.

"नेलिदाबाई, हे माझ्या सासूच्या कवळीसारखं डुगडुगतंय बघा!"

"सांगू का तिला?"

"नको हो! कवळी काढून फेकून मारील."

इलाज साधा होता. सिगारेट वळायच्या कागदाचा एक वेढा द्यायचा, कुपी दाबायची. वाल्देमार नगरपालिकेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवी, तेव्हा क्लॅरिनेटचे सांधे ती असेच घट्ट करून देई. ढिल्या सांध्यातून श्वास गळतो, तो म्हणायचा, आणि गळलेला श्वास कुठे जातो कुणास ठाऊक...

पंखा बंद होता. खिडकीही बंद होती. दिवा पुन्हा लागला.

त्या दिवशीसुद्धा दोघं असेच समोरासमोर बसले होते, मध्ये येर्बाचा, कडू पाल्याच्या चहाचा, तुंबा. गरम पाणी ओतणार ती. एकदा त्याची पाळी, एकदा तिची, त्याच एका धातूच्या नळीने. पुरे झालं की तुंबा परत देताना 'ग्रासियास', आभार, म्हणायचं — त्याआधी नाही. ते म्हटलं की पाळी संपली, हे रिवेरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. त्याला तुंबा देऊन ती पाणी तापवायला आत गेली. बाहेर आली तेव्हा तुंबा रिकामा होता, आणि वाल्देमारची मान खुर्चीच्या पाठीवर कललेली. तो म्हणाला होता का? आत आधणाचा आवाज होता... त्यामागे काहीतरी ऐकू आलं होतं, की नव्हतं? म्हणाला असेल तर तो निरोप घेऊन गेला. नसेल म्हणाला, तर अजून त्याची पाळी आहे. तेव्हापासून ती रोज एक तुंबा त्या खुर्चीसमोर भरून ठेवी.

आणि आज मिर्ताचा फोन. "आई, माझं यंत्र पार गेलं गं. बाबांचं दे ना. चारला येते, कामावर जाता जाता."

"ते ढिलं आहे."

"मग तू कशाला आहेस? साऱ्या रिवेराचं घट्ट करतेस, आणि घरचंच ढिलं!"

एक वेढा. फक्त वारा असेल तर दिवा लागायचा थांबेल. आणि नाही थांबला तर... यातल्या कशाची भीती वाटते मला? वाल्देमारच्या पाकिटात शेवटचा कागद उरला होता. तो जसा करी, तशी तिने त्याची कड जिभेने ओली केली, वेढा दिला, कुपी दाबली. टक्. मग तुंबा भरून खुर्चीसमोर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसली.

दिवा लागला नाही. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. पण ती शांतता रिकामी नव्हती — पहिल्या सुराआधी वाल्देमार श्वास आत ओढून घेई आणि सारा बँड त्याच्याकडे बघत थांबे, तशी होती. श्वास घेतलेला, सूर अजून फुटलेला नाही.

मिर्ता आली ती घाईतच, आणि त्याच खुर्चीत बसली. तुंबा उचलून तिने नळी ओढली. "शी, गार झालंय! कुणासाठी भरलं होतंस?"

मिर्ताने व्हेप ओठाला लावला, दिवा लागला. "वा! मुळीच हलत नाही आता." तो पर्समध्ये टाकत तिने तुंबा आईच्या हातात दिला. "ग्रासियास."

शेवटचा स गिळलेला. वाल्देमार गिळायचा तसाच. दार लागलं, पावलं उतारावरून खाली गेली.

नेलिदा तुंबा धरून बसून राहिली. हाच शब्द, याच खुर्चीतून... आधणामागे तेव्हा ऐकला होता तो हाच — अगदी हाच, आता स्पष्ट आठवतंय. की आत्ताचा उचलून मीच तिथे नेऊन ठेवला? दोन्ही आवाज एकमेकांत असे बसले होते की मधली फट सापडेना.

थर्मासमध्ये पाणी होतं. तिने तुंबा भरला. आता पाळी तिची. आणि इतक्या वर्षांत तो शब्द तिने एकदाही म्हटला नव्हता, पाणी ओतणाऱ्याने म्हणायचा नसतो म्हणून. समोरची खुर्ची मिर्ता उठून गेल्यावर थोडी तिरकी राहिली होती, तिच्याकडे वळून. नेलिदाने नळी ओठांशी नेली, श्वास आत घेतला, आणि तो तसाच धरून ठेवला.