सिमेंटची नदी

सुतारानं भिंतीला टेप लावली आणि बारकीचं डोकं सणकलं. तोवर तिला वाटत होतं, दादा नुसता बोलतोय. बोलत तर तो कित्येक वर्षं होताच.

"इथून तिथपर्यंत कपाट," दादा म्हणाला. "खिडकीपाशी टेबल. मला घरून काम करायचं तर स्वतंत्र खोली हवीच. हा पसारा आजच निघेल."

पसारा म्हणजे खोलीच्या पलीकडच्या अर्ध्या भागात वसलेलं शहर. औषधांच्या खोक्यांची घरं, दोऱ्याच्या रिळांच्या खांबांवर फूटपट्टीचा पूल, बिघडलेल्या घड्याळाच्या चाकांची गिरणी. दोघा भावंडांनी मिळून ते लहानपणी वसवलं होतं. मिसरूड फुटल्यावर दादानं त्यातून अंग काढून घेतलं. तिनं नाही. दिवसभर ती शहराच्या, म्हणजे खऱ्या शहराच्या, पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासायची. संध्याकाळी इथे येऊन एखादं घर वाढवायची, तेवढा वेळ नसला तर निदान एक जिना. कामातलं एखादं कोडं दिवसभर अडून बसलेलं असायचं आणि या रस्त्यांवरून बोट फिरवताना अचानक सुटायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

शहराच्या अलीकडे, खोलीला आडवा छेदत, वीतभर रुंदीचा करडा पट्टा होता. पूर्वी इथे दोन खोल्या होत्या. मधली भिंत पाडल्यावर फरशीत पडलेली खाच सिमेंटनं लिंपून टाकली होती. दादानं त्याच दिवशी जाहीर केलं होतं, की ही नदी. हिच्यात पाय पडला की शहर बुडणार.

"साहेब, हे सामान हललं की पलीकडचं माप घेतो," सुतार म्हणाला आणि दाराशी टेकला.

दादानं पट्टा ओलांडला, गिरणी आणि आजूबाजूची घरं एका खोक्यात कोंबली आणि खोकं घेऊन अलीकडे आला. एक रीळ घरंगळत गेलं.

"नीट धर!" ती ओरडली.

"बारके, पुठ्ठा आहे तो. पन्नाशीला टेकलीस तू. लोक मला विचारतात, बहीण बरी आहे ना तुमची?"

"कोण लोक? नावं सांग."

"नावं काय सांगायची?"

"म्हणजे तूच. लोकांच्या आडून कशाला बोलतोस? आत्तापर्यंत तोंडावर बोलायला कधी लाजला नाहीस."

"बरं, मीच. मला वाटतं तुझं हे जरा अति होतंय. शिकलेली बाई तू. विज्ञान शिकलेली! आणि रोज संध्याकाळी सिमेंटवरून उड्या मारतेस."

"ते सिमेंट आहे हे मला कळत नाही असं वाटतं तुला? पाण्यावर पोट भरते मी. नदी कशाला म्हणतात ते मला तू शिकवू नकोस." तिचा आवाज चढला, तशी सुतारानं नजर टेपकडे वळवली. "त्या पट्ट्यावर नव्हता रे माझा विश्वास. ही नदी आहे असं ज्यानं मला सांगितलं, त्याच्यावर होता. तो मोठा झाला तो झाला, वर मलाच येडी म्हणत सुटला!"

"झालं बोलून?" दादानं दुसरं रिकामं खोकं उचललं. पुन्हा पलीकडे गेला. चार घरं भरून पुन्हा अलीकडे आला.

"साहेब," सुतार म्हणाला, "तिथली फरशी उखडलीय का?"

"नाही. का?"

"नाही, तुम्ही दर वेळी त्या पट्ट्यावरून ढांग टाकताय म्हणून विचारलं. कपाटाचे पाय तिथे येतील, पोकळ असेल तर आधी भरून घ्यावं लागेल."

दादाच्या हातातलं खोकं तिथेच थबकलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग पट्ट्याकडे.

"अरे, खोकी कशाला वाहतोस मग? कंबर धरेल तुझी. शहर नकोय ना? पाय टाक नदीत. आपोआप बुडेल. टाक!"

"वेडेपणा करू नकोस."

"वेडी तर मी आहेच! शहाण्या माणसाला काय होतंय? सिमेंट आहे ते. टाक पाय!"

दादाचे कान लाल झाले. त्यानं खोकं दाणकन खाली ठेवलं, तरातरा पट्ट्यापाशी गेला आणि खाली वाकला. वाकून त्यानं पॅंटचा पाय घोट्यावर दुमडला. मग आणखी एक घडी घातली, पार पोटरीपर्यंत.

दादा तसाच वाकलेला, स्वतःच्याच बोटांकडे बघत राहिला.

तिला हसू यायला हवं होतं. आला तो संतापच, मघापेक्षा दसपट.

"म्हणजे तुला अजून दिसतं," ती म्हणाली. "सगळं दिसतं तुला. आणि इतकी वर्षं तू मला एकटीलाच बोलणी खायला लावलीस."

दादा सरळ झाला. त्यानं बोलायला तोंड उघडलं.

"मला काही सांगू नकोस आत्ता," ती म्हणाली. "ते पहिलं खोकं उचल. गिरणी होती तिथे ठेव. दार पुलाकडे, विसरला असशील."

"नाही विसरलो," दादा पुटपुटला.

खोकं छातीशी धरून, पॅंटचा एक पाय दुमडलेला नि एक तसाच, त्यानं नदी ओलांडली.

"मग कपाट?" सुतारानं विचारलं.

"अलीकडच्या काठाला बसवा," दादा पलीकडून म्हणाला. "लहान झालं तरी चालेल."

रीळ कोपऱ्यात पडलं होतं. तिनं ते उचललं आणि रागारागानंच त्याच्याकडे फेकलं. त्यानं ते झेललं.