शामकलेच्या पेशी

स्तनातली गाठ लिव्हरपर्यंत पोचली आहे, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तरी माझी बायको शामकला रडली नाही. आमची मंजू त्याच शहरात, त्याच रोगाच्या औषधावर प्रयोगशाळेत काम करत होती. चिचगडला परतल्यावर शामकला शेजारणींना म्हणाली, "माही पोरगी औषध काढून राहिली. मी कायले मरीन?"

मंजू घरी आली, तेव्हा बाजेवर बसून तिनं आम्हाला समजावलं. पेशीच्या अंगावर एक जागा असते. तिथं औषध चिकटलं की आत मरणाचा हुकूम सुटतो आणि पेशी स्वतःच स्वतःला संपवते.

"अन् तू कोणाच्या पेशी मारून राहिली?"

"एका बाईच्या. तिले मरून लय वर्षं झाली, माय. पेशी काचेच्या बशीत वाढतच राहतात."

शामकला हसली. "मेलेल्या बाईले काय औषध करता वं? माह्या घे."

तिच्या पोटात पाणी भरत होतं. पुढच्या वेळी डॉक्टरांनी ते काढलं, तेव्हा आमची सही घेऊन थोडं मंजूच्या प्रयोगशाळेत पाठवलं. त्यातल्या पेशी बशीत वाढू लागल्या. इकडे शामकलेला भाताची पेजही पचेना. फोनवर ती एकच विचारायची, "मेल्या का?"

एका दुपारी मंजू स्वतःच आली.

"मेल्या, माय. बहुतेक साऱ्याच."

कधीची पडून असलेली शामकला उठून बसली. "मंग आणलं का? टोच सुई."

मंजूनं नाही अशी मान हलवली.

"काऊन नाही?"

"ते अजून कोण्याच माणसाले दिलं नाही. उंदरांचं लिव्हर खराब होते त्यानं. तुह्यं तं आधीच..."

"मी मरूनच राहिली ना! अजून काय खराब होईन?"

"नाही देता येत, माय."

"येत नाही, का देत नाहीस?"

मग शामकलेनं हात जोडले. पोटच्या पोरीपुढे. मंजूनं ते हात धरून खाली केले, पण होय म्हणाली नाही.

मंजू रजा काढून घरीच राहिली. शामकलेनं तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. मी पाजलं तर घोटभर प्यायची. मंजू दुखण्याच्या गोळ्या कुटून, चमचा माझ्या हातात देऊन दाराबाहेर उभी राहायची.

शामकलेचा श्वास थांबला, तेव्हाही मंजू बाहेरच होती. मीच तिला आत बोलावलं.