मेणाच्या दोऱ्याच्या गाठी

ती गेल्याचं कळलं तेव्हा मिस्त्री एका ट्रकखाली उताणा पडून गिअरबॉक्सचे नट आवळत होता. खिशात फोन वाजला. पलीकडे बायकोच्या कारखान्यातला सुपरवायझर होता.

"जरा इकडे येता का?"

"का? काय झालं?"

"तुम्ही या तर खरं."

"अहो, झालं काय ते सरळ सांगा ना!"

मग त्या माणसाने सांगितलं. बाईंनी टेबलावर डोकं टेकलं. सगळ्यांना वाटलं, डोळा लागला असेल. हलवून बघितलं तर... मिस्त्रीने फोन छातीवर ठेवला आणि हातातला नट पूर्ण आवळला, पाना फिरायचा थांबेपर्यंत. का आवळला ते त्याला आजही सांगता येत नाही. रडू आलं नाही. राग आला, आणि आला तो पाहुण्यासारखा दोन दिवस राहून गेला नाही, घरजावई होऊन बसला.

राग सुपरवायझरवर, कारण त्याने आधी आढेवेढे घेतले. राग भेटायला येणाऱ्यांवर, कारण त्यांना चहा-साखर कुठे ठेवलीय ते विचारावं लागायचं आणि मिस्त्रीला ते ठाऊक नसायचं. पण सगळ्यात जास्त राग होता तो खिडकीजवळच्या टेबलावरच्या डब्यावर.

तो डबा म्हणजे गिटारचा अँप्लिफायर. जुन्या पद्धतीचा, काचेच्या व्हॉल्व्हचा. मिस्त्री लग्नाआधीपासून गिटार वाजवायचा, पण कशालाही न जोडता, तारांचा नुसता टणटणाट. एक दिवस बायको वैतागली. "मी रोज लोकांच्या कारखान्यांची विजेची पॅनेलं जोडते. तुमचा एक डबा मला जोडता येऊ नये? पत्रा तुम्ही वाकवा, वायरिंग माझ्याकडे लागलं."

त्याने पत्रा वाकवला, भोकं पाडली. तिने आराखडा भिंतीला चिकटवला आणि सुट्टीच्या दिवशी बसून डबा जोडला. जोडला असा की बघत राहावं. सगळ्या वायरी एका जुडीत, जुडीला मेणाचा दोरा, बोट-बोटभर अंतरावर एकसारख्या गाठी, आणि वळणावर जुडी अशी वळवलेली की एकही वायर वर उचललेली नाही. तिच्या कारखान्यात सुटी वायर दिसली की तपासणारा ते पॅनेल परत पाठवायचा. तिचं एकही कधी परत आलं नव्हतं.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा गिटार वाजली, खणखणीत वाजली. पण तिच्या मागे एक घूंऽऽ होतं. वाजवायचं थांबलं तरी ते चालूच.

"पोटात भुंगा अडकलाय कुठेतरी," ती म्हणाली. "रविवारी बघते. तोवर तुम्ही हात लावू नका. तुमच्या हातात नाजूक काही दिलं की त्याचे दोन तुकडे."

तो रविवार तिला मिळाला नाही.

महिन्याभराने मिस्त्रीने अँप चालू केला. घूंऽऽ. तो आवाज ऐकून त्याच्या डोक्यात तिडीक गेली. ती गेली आणि हा मेला भुंगा राहिला! त्याने तिच्या भावाला फोन केला. हा मेव्हणा कार्यक्रमांना स्पीकर भाड्याने देतो, म्हणून अख्ख्या घरात त्याचं नाव भोंगा.

भोंगा आला, चपला काढता काढताच कान टवकारून म्हणाला, "दाजी, हा विजेचाच आवाज आहे. आता कुठून घुसतो ते बघू."

"बघ. पण मोडतोड नको."

"मी काय गॅरेजवाला आहे का?"

त्याने आवाजाची कळ पूर्ण खाली केली. घूं जवळजवळ गेलं. "म्हणजे दुखणं या कळीच्या आधी आहे." अँप बंद करून पहिला व्हॉल्व्ह उपसला, पुन्हा चालू केला. शांत. नवा व्हॉल्व्ह बसवला, तर घूं पुन्हा हजर. "म्हणजे व्हॉल्व्ह बिचारा निर्दोष." मग बंद करून आत साठलेली वीज काढून टाकली, मोठे कंडेन्सर बदलले. घूं तसंच.

मिस्त्री दात-ओठ खात उभा होता. "एवढे स्पीकर लावत फिरतोस आणि एक भुंगा सापडेना?"

"धीर धरा. लावलेल्या स्पीकरच्या आत कोणी डोकावून बघत नाही, म्हणून माझं पोट चालतं." भोंग्याने चालू अँपमध्ये एक लाकडी पट्टी घातली आणि जुडी हळूच दाबली. घूंचा सूर बदलला. पुन्हा दाबली, पुन्हा बदलला. त्याने पट्टी बाहेर काढली आणि मिस्त्रीकडे न बघता म्हणाला, "सापडलं. पण तुम्हाला आवडणार नाही."

"बोल."

"व्हॉल्व्ह तापवणारी वायर आणि गिटारची बारीक वायर, दोन्ही एकाच जुडीत बांधल्यात. शेजारच्या घरात भांडण चाललं की आपल्याला ऐकू येतं ना, तसं झालंय. पॅनेलमध्ये हे चालतं, पण इथे नाही. ताईने जरा जास्तच नीट केलंय."

"म्हणजे तिची चूक?"

"चूक असं नाही..."

"मग कसं? बोल ना! बहिणीच्या कामात खोट काढायला ती जायची वाट बघत होतास का?"

"दाजी, जुडी कापावी लागेल. तापवणारी वायर पीळ घालून त्या कोपऱ्यातून न्यायची, आणि कोपरा जुडीने अडवलाय. दुसरा इलाज नाही."

"हात लावून बघ त्या दोऱ्याला! नीघ. ऊठ आधी!"

भोंगा उठला. दारात चपला घालताना त्याचा आवाज चढला. "ती तुमची बायको व्हायच्या आधी माझी बहीण होती. माझ्या दप्तराचा तुटलेला पट्टा तिने याच गाठींनी शिवलाय. मला शिकवू नका!" आणि दार असं आपटलं की टेबलावरचे स्क्रू उड्या मारायला लागले.

मिस्त्रीने ठरवलं, भोंग्याला खोटं पाडायचं. वायरींचं त्याला फारसं कळत नव्हतं, पण बॅटरी कळत होती. व्हॉल्व्ह तापवायला सहा व्होल्ट लागतात हे बायकोच्या तोंडून त्याने शंभरदा ऐकलं होतं. गॅरेजमध्ये जुन्या मोटरसायकलची सहा व्होल्टची बॅटरी पडून होती. बॅटरीची वीज सरळ वाहते, तिला घूं करता येत नाही. तापवणाऱ्या वायरी बायकोने जिथे ट्रान्सफॉर्मरला जोडल्या होत्या तिथून सोडवायच्या आणि त्या टोकांना बॅटरी लावायची. तरीही घूं राहिलं, तर दोष जुडीचा नाही. मग भोंग्याला घरी बोलावून सगळ्यांसमोर कान धरायला लावायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने बॅटरी आणली. बायकोने दिलेले सोल्डरचे दोन डाग वितळवून वायरी सोडवताना त्याने स्वतःलाच शिवी घातली. चिमटे लावले. व्हॉल्व्ह लाल झाले. त्याने गिटार जोडली आणि कान देऊन बसला.

काहीच नाही. खालच्या रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तेवढंच ऐकू आलं.

भोंगा खरा निघाला.

मिस्त्री उठला आणि भिंतीवर अजून चिकटलेल्या आराखड्यासमोर जाऊन ओरडला, "कोणी सांगितलं होतं इतकं नीट करायला? हा काय कारखान्याचा माल होता? कोण परत पाठवणार होतं? मी? चार वायरी लोंबल्या असत्या तर मी तुला बोललो असतो का?"

ती असती तर म्हणाली असती, "बोलला असतात, नक्की बोलला असतात!" आणि मग चांगली तासभर जुंपली असती. आता तो एकटाच ओरडत होता, आणि एकट्याने भांडण जिंकता येत नाही, हरताही येत नाही. सगळ्या रागात हा राग त्याला सगळ्यात जड गेला.

तो घसा बसेपर्यंत ओरडला. मग खुर्चीत बसला आणि गिटार वाजवली. बऱ्याच दिवसांत बोटं चालली नव्हती, सूर चुकले. पण चुकलेले सूरही स्वच्छ ऐकू आले.

संध्याकाळी त्याने भोंग्याला फोन लावला. हॅलो-बिलो काही नाही. फोन नुसता स्पीकरच्या तोंडाशी धरला.

"काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही," भोंगा म्हणाला.

"हं."

मग भोंग्याने विचारलं, "कापलीत?"

"नाही. बॅटरीवर चालवलाय."

"काय डोकं आहे! पण दाजी, ती बॅटरी दोन-अडीच तासांत बसणार. आणि चिमटे बाहेर आलेत म्हणजे झाकण उघडंच असणार. आत तीनशे व्होल्ट आहेत. एक दिवस हात लागेल आणि ताईच्या मागोमाग जाल."

"माहीत आहे."

"मी येऊ का? दोघं मिळून कापू. दोरा मी घेऊन जाईन."

"दोरा कोणी नेणार नाही!" मिस्त्री खेकसला. मग म्हणाला, "चहाला ये. साखर सापडली आहे."

भोंगा आता अधूनमधून येतो, चहा पितो, गिटार ऐकतो. वाजवून झालं की मिस्त्री बॅटरी चार्जिंगला गॅरेजमध्ये नेतो आणि भरली की परत आणतो. जुडी अजून कापलेली नाही. झाकणाचे स्क्रू वाटीत आहेत.