एकतीस किल्ल्या आणि चार आकडे

मी एक जुनं नंबरचं कुलूप आहे. पितळी अंग, पोटावर आकड्यांची चार चाकं, आणि किल्ली म्हणाल तर नाहीच. मित्रांनो, आज माझ्यावर हिरवट थर चढलाय, पण एके काळी जामखेड तालुक्यातली एक अख्खी वस्ती माझ्या भरवशावर घर सोडून जायची. उगाच फुशारकी मारत नाही, खरंच सांगतो.

वस्तीतली माणसं ऊसतोडीला जायची. दसऱ्याला धम्मदीक्षेचा दिवस साजरा व्हायचा, विहारात वंदना व्हायची आणि मग ट्रक भरभरून सगळे सहा महिन्यांसाठी कारखान्यांकडे निघायचे. निघताना प्रत्येक घर आपली किल्ली भागिरथीआजीकडे द्यायचं. एकतीस घरं, एकतीस किल्ल्या. आजीला अक्षरओळख नव्हती, आकडे तेवढे यायचे. ती प्रत्येक किल्लीला त्या घरच्या लुगड्याची चिंधी बांधायची आणि सगळ्या एका पत्र्याच्या पेटीत ठेवायची. पेटीची किल्ली मात्र ती दोनदा हरवून बसली. म्हणून त्र्याण्णव साली बालवाडीच्या प्रज्ञाताईंनी मला नगरच्या बाजारातून आणलं.

"आजी, आता किल्लीची कटकटच न्हाई. चार आकडे मनात ठिवा. कुणाला सांगू नका, मलाबी न्हाई."

आजीने पाठ फिरवली आणि आकडा लावला. एक, नऊ, पाच, सहा. छप्पन्न साली वस्तीने दीक्षा घेतली तेव्हा आजी नुकतीच लग्न होऊन आली होती. त्या सालाएवढं मोठं साल तिच्या लेखी दुसरं नव्हतंच. मी मात्र मनात म्हटलं, अगं आजी, हे साल तर विहाराच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलंय! पण कुलपाचं ऐकतो कोण?

पहिला हंगाम सुखरूप गेला. परत आलेल्या बायका मला पदराने पुसायच्या. मी फुगून गेलो होतो.

दुसऱ्या हंगामात, आजी नदीवर गेली असताना, एक हात माझ्यावर आला. घाई होती, बोटं थरथरत होती. त्याने काही शोधलं नाही, अडखळला नाही. सरळ एक, नऊ, पाच, सहा. आणि मी उघडलो. काय करणार? आकडा बरोबर असला की मला उघडावंच लागतं. हात कुणाचा, ते मी विचारू शकत नाही. फार लाज वाटली मला.

चैत्रात टोळ्या परतल्या. लंकाबाईने घर उघडलं आणि तिचा तांब्याचा हंडा गायब! तिच्या आईने लग्नात दिलेला. दाराचं कुलूप जसंच्या तसं, किल्ली पेटीत जागच्या जागी. सगळी वस्ती विहारापुढे जमली.

"आकडा एकट्या तुला ठाव," लंकाबाई आजीला म्हणाली. "मंग हंड्याला काय पाय फुटलं?"

आजीने पेटी सगळ्यांपुढे आणून ठेवली. पंचवीस वर्षं लोकांच्या किल्ल्या सांभाळलेली बाई ती. आता तिच्या हाती कुणी किल्ली देणार नव्हतं, आणि त्याहून वाईट म्हणजे तिला चोर म्हणणार होते. माझा जीव तुटत होता.

तेवढ्यात प्रज्ञाताईंनी मला उचललं आणि लंकाबाईच्या हातात ठेवलं. "मावशी, तुमी उघडून बघा बरं."

"मला काय ठाव?"

"तुमी आकडा लावला असता तर कोंचा लावला असता?"

लंकाबाई घुटमळली. मग तिने चाकं फिरवली. एक, नऊ, पाच, सहा. खट्! मी उघडलो. ती माझ्याकडे बघतच राहिली. ताईंनी मला बंद करून दुसरीच्या हातात दिलं. खट्. तिसरा, चौथा, पाचवा. ज्याच्या त्याच्या हातात मी पहिल्याच झटक्यात उघडत गेलो. तो आकडा आजीचा एकटीचा कधी नव्हताच, सगळ्या वस्तीचा होता.

मग मी भिमाजीकडे आलो. पाय मोडल्यामुळे तो त्या वर्षी घरीच राहिला होता. तो मला फिरवत राहिला. दोन, चार, सात... "मला न्हाई बा जमत." पण ती थरथर मी ओळखली.

आणि आजीने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. अख्ख्या वस्तीत हा आकडा फक्त यालाच सुचत नव्हता. तिने मला हळूच त्याच्या हातातून घेतलं. "ऱ्हाऊ दे भिमा. आज तुझं ध्यान न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी लंकाबाईच्या दारात हंडा होता. ऐन चैत्रात, काठोकाठ पाण्याने भरलेला. लंकाबाईने कुणालाही काही विचारलं नाही. ती हंडा तिथेच सोडून आधी आजीकडे गेली आणि तिच्या पायाशी बसून खूप रडली.

त्या दसऱ्याला माझा आकडा बदलला. दोन चाकं आजीने लावली, दोन लंकाबाईने, पदराआड. लंकाबाई ट्रकमध्ये बसली की मी चैत्रापर्यंत कुणालाच उघडत नव्हतो, आजीलासुद्धा नाही. एकतीसच्या एकतीस किल्ल्या पुन्हा आल्या. भिमाजीचीसुद्धा.

मित्रांनो, आता तुमच्याकडे संगणक आलेत, तेही तुम्हाला गुप्त आकडे विचारतात. भरवसा जरूर ठेवा, आम्ही इमानी असतो. पण आम्ही माणूस ओळखत नाही, फक्त आकडा ओळखतो. तुमच्या काळजातलं साल जन्मभर जपा, भिंतीवर लिहा, मुलांना शिकवा. फक्त ते कुलपाला लावू नका.