एका खेपेची पिल्लं

"खाल्लं! सारं मिरचीचं रोप खाल्लं या रांडाईनं! भुरे, ये इकडं, पाह्य तुह्या लाडक्याईचे कर्म!"

भुरीबाईच्या सासूनं, सुखीबाईनं, सकाळी सकाळी तोंड सोडलं की तांड्यातल्या पाण्याला निघालेल्या बाया घडा सावरून घटकाभर थांबायच्या. फुकटात ऐकायला मिळतंय तर कोण सोडतं?

भुरीबाई शेणाचे हात तसेच घेऊन घरामागं धावली. घरामागची सांदवाडी ती केवढी! दोन खाटा टाकल्या तर तिसरीला जागा नाही. तेवढ्यात दोडक्याचा वेल, वालाचा मांडव, मिरचीचं रोप, अन् कोपऱ्यात तुराट्यांचा कूड घालून कोंडलेल्या तीन पांढऱ्याफेक कोंबड्या अन् एक पांढरा कोंबडा. रात्री कुत्र्यानं कूड उचकटला असावा. तिन्ही कोंबड्या रोपात उभ्या होत्या अन् कोंबडा कुडावर चढून बोंबलत होता.

"आत्ता बांधतो मामी कूड. पुन्हा नाही निंगाच्या."

"बांध! अन् त्या बोंबल्याचं तोंड बी बांध. दिवसभर त्याचा गळा बसत नाही, बाप्पा!"

या कोंबड्या होळीच्या सुमारास घरात आल्या होत्या. नवीनच पंचायत समिती झालती तेव्हाची गोष्ट. बाभुळगावच्या अंगानं ग्रामसेवक सायकल हाकत तांड्यात आला अन् म्हणाला, कोंबड्या कोण पाळतो? दोघातिघांनी हात वर केले, म्हणून सासऱ्यानं, म्हणजे रामसिंगानंही केला. ग्रामसेवकानं सरकारच्या कोंबड्या वाटल्या अन् मग पुस्तकासारखं खूप सांगितलं. या गावठी कोंबड्या नाहीत, मोकळ्या सोडायच्या नाहीत, घार उचलेल, मुंगूस नेईल, गावठीत मिसळल्या तर जात बिघडेल. रामसिंगानं सगळ्याला मान डोलावली. मान डोलावण्यात रामसिंगाचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता.

"अन् कोंबडा कायले देल्ला?" घरी सुखीबाईनं विचारलं.

"सकाळी उठवाले," रामसिंग म्हणाला, अन् कूस बदलून झोपला.

कोंबड्यांचं करायचं कोणी? तर सुनेनं. भुरीबाईनं तुराट्या तोडून कूड केला, मातीचं खुराडं लिंपलं, जुन्या मडक्याच्या खापरात पाणी ठेवलं. कण्या घालताना त्या तिच्या पायांवरून चालायच्या. या घरात लग्न होऊन आल्यापासून चूल सासूची, बैल सासऱ्याचे, नवरा दोघांचा. "माह्या" म्हणावं असं तिच्याजवळ काही नव्हतं. कोंबड्यांना मात्र ती मनातल्या मनात माह्या म्हणायची.

वैशाखात एक दिवस तिची याडी आली. याडी म्हणजे आई, चंदाबाई. राळेगावकडच्या तांड्यात एकटीच राहणारी. फाट्यावर एस.टी.तून उतरून उन्हाची चालत आली, अन् दारात उभी राहून म्हणाली, "भुरी हाय का घरी?" भुरीबाई तिच्यासमोरच उभी होती.

"मीच हाय ना याडी."

"हाव का बाई? उन्हातून आली ना, म्हनून दिसत नाही."

उन्हाचं काही नव्हतं. डोळे चालले होते म्हातारीचे. मागच्या निंदणाला तिनं गवतासोबत कपाशीची पऱ्हाटीच उपटली अन् मालकानं दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणून सांगितलं. हे ती लेकीला सांदवाडीत बसून हळूच सांगत होती.

"आता नेमसिंग म्हनते, वहिनी, एकटी कायले राह्यतं? श्रावनात तीज झाली का न्यायले येतो."

नेमसिंग तिचा दीर, तिकडं मारेगावाच्या अंगाला राहणारा.

"मंग?" भुरीबाईनं विचारलं.

"मंग काय? त्याच्या बायकोच्या चुलीपाशी बसाचं. देल्लं तं खाचं, नाही देल्लं तं आपलं पोट दाबून निजाचं. अन् माह्यं घर? दोन पावसाळ्यात मातीत जाईन ते. तुह्या बापानं बांधलं, बाई." म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. "नाही कसं म्हनू त्याले? मानूस चांगलं हाय. काही तरी कारन पायजे ना नाही म्हनाले."

भुरीबाई समोरच्या कोंबड्यांकडं पाहत बसली. अन् तिला एकदम सुचलं.

"याडी, तुह्या घरी कोंबड्या असल्या तं?"

"तं काय?"

"तं घर सोडून कशी जाशीन तू? सांजचं खुराडं कोन झाकन? घरी जित्राब असलं का मानसाले हलता येत नाही. नेमसिंगकाकाले तेच सांगजो."

चंदाबाईच्या तोंडावर हसू आलं, पण लगेच गेलं. "लेकीच्या घरचं फुकट घेऊ का मी? लोक थुंकतीन."

"फुकट कायले? अर्धलीनं घे. पिल्लं मी देतो, तू वाढव. मोठी झाली का अर्धी तुही, अर्धी या घरची. अर्धलीनं तं सारेच पाळते. त्यात कोनाची लाज?"

लाज नव्हतीच. गाय, बकरी, कोंबडी, तांड्यात सगळं अर्धलीनं चालायचं. म्हातारी हातानं चाचपत कुडापाशी गेली अन् तुराट्यांच्या फटीतून बोट आत घातलं. एका कोंबडीनं ते टोचलं. "चांगली हाय वं," ती म्हणाली.

आता सासूला विचारायचं होतं. भुरीबाईनं दोनदा दारापर्यंत जाऊन पाय मागं घेतला. पण त्या दिवशी सुखीबाईचं काय झालं होतं देव जाणे! दारात इहीन आल्यावर तिच्यातली मोठी बाई जागी झाली होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "ने ना मंग. पन एक खेप हां भुरे. एका खेपेची पिल्लं तुह्या मायची. मंग पुन्हा नाव नोको काढू." अन् वर मोठ्यानं म्हणाली, "अन् इहीनबाई काय रिकाम्या तोंडानं जाईन का माह्या घरून? उत्तम! एक कोंबडी धर!"

उत्तमसिंग, भुरीबाईचा नवरा, उठून कुडाकडं निघाला. भुरीबाई त्याच्याआधी धावली.

"कोंबड्या नोका कापू मामी! मले पिल्लं काहाडाची हायत. कोंबडा कापा. तो काय, नुसता खाते अन् बोंबलते."

"बराबर हाय," रामसिंग खाटेवरून म्हणाला. "कापा त्याले. मले झोपूच देत नाही."

सगळे हसले. भुरीबाईनंच तो धरला, पाय बांधले अन् नवऱ्याच्या हाती दिला. त्या दिवशी जेवण असं झालं की विचारू नका. तिखट रस्सा, ज्वारीच्या भाकरी, अन् सुखीबाई स्वतः इहिणीला वाढायला बसली. "घ्या ना इहीनबाई, अजून घ्या," म्हणत एकेक फोड ताटात टाकत होती. चंदाबाई लाजत होती अन् खात होती. चुलीमागून भुरीबाई पाहत होती. याडीला कोणी इतका मान दिलेला तिनं जन्मात पाहिला नव्हता. सासूचे पाय धरावेत असं तिला वाटलं.

उन्हाळ्यात अंडी बसवत नाहीत, उष्णतेनं नासतात. तेव्हा पाऊस लागेपर्यंत थांबणं आलं. पाऊस लागला, पेरण्या झाल्या, पण पांढऱ्या कोंबड्या काही खुडूक होईनात. गावठी कोंबडी कशी, अंडी झाली की अंगात आल्यासारखी पिसं फुलवून बसते, उठवली तरी उठत नाही. या सरकारी बाया अंडं टाकलं की चालल्या फिरायला! मागं वळून पाहतील तर शपथ.

"ह्या काही बसत नाही वं भुरे," शेजारची लालीबाई म्हणाली. "माह्यी तांबडी खुडूक झाली हाय. तिच्याखाली ठेव. बसवनीचे दोन पिल्लं मले दे."

भुरीबाईनं देवाचे आभार मानले. ताजी ताजी अंडी जमवली. लालीबाईनं टोपल्यात राख टाकली, राखेवर भुशाचं मऊ कुटार पसरलं, कडेला कोळसा अन् लोखंडी खिळा ठेवला. वीज कडाडली तर अंड्यातला जीव भिऊ नये म्हणून ते ठेवायचे असतात. मग पांढरी अंडी मांडली अन् वर तांबडी कोंबडी बसवली. ती बसली ती बसलीच. भुरीबाई निंदणाहून आली की चिखलाच्या पायांनी आधी लालीबाईच्या पडवीत डोकावायची. काळ्या मातीचे गोळे तिच्या पायांना धरून पडवीभर व्हायचे, अन् लालीबाई ओरडायची, "अवं, पोटुशी तू हायेस का माह्यी कोंबडी?"

राळेगावकडून येणाऱ्या माणसाजवळ याडीनं निरोप धाडला होता. खुराडं लिंपून ठेवलं. पिल्लायले मुंगूस जाऊ नये म्हणून दाराले फळी केली. तू येजो फक्त.

तीन हप्ते झाले. अंड्यांना चोच काही लागेना. आणखी एक दिवस पाहिला, आणखी एक. तीज अगदी तोंडावर आली. शेवटी लालीबाईनं परातीत कोमट पाणी घेतलं अन् अंडी त्यात सोडली. आत पिल्लू असलं तर अंडं पाण्यात हलतं, डुलतं. सुखीबाई आली, रामसिंगही काठी टेकत आला. सगळे परातीभोवती वाकले.

एकही अंडं हललं नाही.

लालीबाईनं एक फोडलं. आत नुसतं पिवळं पाणी. दुसरं फोडलं, तेही तसंच. ना रक्ताची रेघ, ना पिसाचा कण.

"मेली का?" भुरीबाईनं कसंबसं विचारलं.

"मराले जीव तं पायजे, बाई. ह्याईत जीव धरलाच नाही." लालीबाई कपाळाला आठ्या घालून पाहत राहिली. अन् मग तिनं विचारलं, "भुरे, ह्या कोंबड्याईत कोंबडा कोनता होता वं?"

सुखीबाईनं रामसिंगाकडं पाहिलं.

कोंबड्यावाचून अंड्यात जीव धरत नाही, हे काय तांड्यातल्या माणसांना माहीत नव्हतं? पोरासोरांना माहीत होतं! पण कोंबडा कोणाचा, हा प्रश्नच तांड्यात कधी कोणाला पडला नव्हता. कोंबड्या दिवसभर मोकळ्या, उकिरड्यावर ह्याचा कोंबडा, नाल्यावर त्याचा. कोंबडीनं अंडं दिलं की त्यातून पिल्लू निघायचंच. कोंबडी कुडात कोंडून पाळायची, हे त्यांच्या सात पिढ्यांनी केलं नव्हतं. मग कुडात कोंबडाही लागतो हे कोणाच्या डोक्यात येणार? ज्याच्या डोक्यात होतं तो सायकलवर बसून केव्हाच दुसऱ्या गावाला गेला होता.

"कोंबडा तं..." रामसिंग म्हणाला, अन् काठीनं जमीन उकरू लागला.

सुखीबाईचा आता तोफखाना सुटेल म्हणून भुरीबाई मान खाली घालून उभी राहिली. सुखीबाई मात्र पुढं झाली. ती खाली बसली अन् फुटकी टरफलं गोळा करू लागली. ते पाहून भुरीबाईला जास्तच रडू आलं. सासूनं शिव्या दिल्या असत्या तर निदान कोणाचा तरी राग धरता आला असता. कोणाला बोल लावायचा? मान देणाऱ्या सासूला, का खाणाऱ्या याडीला? का कोंबडा कापा म्हणून धावलेल्या आपल्याच जिभेला? आपलेच दात अन् आपलेच ओठ.

"पुढच्या खेपेले पाहू," उत्तमसिंग रात्रीच्या भाकरीवर म्हणाला.

"पुढची खेप येईलोक याडी तठी राह्यते का?"

"मंग एक कोंबडीच देऊ का तिले?"

रामसिंग लगेच म्हणाला, "सरकारी कोंबडी हाय लेका. पाहाले साहेब आला अन् कमी दिसली तं माह्याकडं पाहीन तो." अन् अर्धलीबिगर दिलेली कोंबडी याडीनंही घेतली नसतीच. भुरीबाईला ते ठाऊक होतं.

तिजेसाठी भुरीबाई माहेरी गेली. टोपल्यात सुखीबाईनं गूळ अन् तुरीची डाळ बांधून दिली होती. घरी पोचली तर याडी दारातच बसलेली. अंगणात पाऊल वाजताच उठली.

"आली का वं बाई? आन, आन इकडं, घाबरले असतीन एस.टी.त." असं म्हणत तिनं टोपल्यावरचं फडकं बाजूला केलं अन् आत हात घातला. फार हळू घातला, पिल्लाला लागू नये म्हणून. बोटं गुळाला लागली, डाळीच्या पुडीला लागली. मग पुन्हा एकदा टोपल्याच्या कडेकडेनं फिरली.

"निंगाली नाही याडी," भुरीबाई म्हणाली.

"एक बी नाही?"

"एक बी नाही."

"काहून वं?"

भुरीबाईनं तोंड उघडलं. दाराशेजारी खुराडं होतं, पांढऱ्या मातीनं सारवलेलं, फळीला चिंधीची बिजागरी. आत कुटार पसरून ठेवलेलं.

"इज लय कडाडली यंदा," ती म्हणाली.

म्हातारीनं टोपल्यावर फडकं पुन्हा नीट झाकलं. मग खाली बसली अन् लेकीचा हात धरून तिलाही बसवलं.

"असू दे. नशिबात नाही तं नाही. येऊ दे नेमसिंगाले, जातो त्याच्यासंग." तिनं भुरीबाईच्या हातावरून हात फिरवला. "मी काय म्हनतो, तू जिवाले नोको लावून घेऊ. तुह्या सासूनं त्या दिवशी मले आख्खा कोंबडा कापला, बाई. अशी चव होती त्याले! अजून तोंडात हाय. नेमसिंगाच्या बायकोनं उद्या कशीबी वागवली ना, तं मी तिले तेच सांगीन. माह्या लेकीच्या घरी मले कोंबडा कापते म्हनीन. हाव का नाही?"

"हाव याडी," भुरीबाई म्हणाली.