मणक्यात दडून बसलेली

मित्रांनो, मी एक जुनी... इथपर्यंत लिहिणे सोपे गेले. पुढच्या शब्दाला मान खाली जाते. मी कर्करोगाची मूळपेशी आहे.

जन्म. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या छातीत. तिथे गाठ झाली होती. गाठीतल्या बहुतेक पेशी भराभर वाढणाऱ्या आणि संपणाऱ्या. आम्ही मूठभर मात्र अशा, की एकटीपासूनही नवी गाठ उभी राहावी.

प्रवास. रक्तातून वाहत मी बाईंच्या पाठीच्या मणक्यात शिरले. मग औषधे आली. ती भराभर वाढणाऱ्यांना गाठून मारत. मी वाढणेच थांबवले. अंग चोरून पडून राहिले. छातीतली गाठ गेली, बाईंचे केस पुन्हा आले, घर हसले. मी जिवंत होते.

कौतुक. (हा परिच्छेद कोरा सोडते.)

चार वर्षांनी मी जागी झाले. माझ्यापासून नव्या पेशी झाल्या. बाईंची पाठ दुखू लागली. शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता, म्हणून त्यांनी तपासणी पुढे ढकलली.

"वहिनी, परत खाली केलंत स्टूल?" काजे-बटणे करणारी नणंद म्हणाली. "गेल्या आठवड्यात वर केलं होतंत. स्टूल आहे की लिफ्ट?"

"मशीनवर बसणाऱ्यांची पाठ दुखायचीच गं."

मशीन नाही, मी! पण पेशीला आवाज नसतो. खरे सांगू? असता, तरी मी गप्पच बसले असते.

मग मशीनची मोटार जळली. मशीन दुरुस्तीला गेले. चौथ्या दिवशी बाई पलंगावरून उठल्या आणि भिंत धरून तशाच थांबल्या.

"चार दिवस मशीन घरात नाही," नणंद म्हणाली. "मग आता कशानं दुखतंय?"

बाईंनी गणवेशांच्या ढिगाकडे पाहिले.

"चपला घाला. पोरं घालतील अजून आठवडाभर जुने गणवेश."

स्कॅनमध्ये मी सापडले.

"मणक्यात आहे, दुसरीकडे कुठे दिसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उपचार आहेत. पण आता तपासणी चुकवायची नाही."

"नाही आल्या तर उचलून आणते," नणंद म्हणाली.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी 'आम्हाला जपा' असे सांगायची रीत आहे. मला ते तोंड नाही. तुम्ही बाईंना जपा. तुमच्या घरात कोणी तपासणी पुढे ढकलत असेल, तर मागे लागा, कटकट करा, रागावले तरी सोडू नका. आणि माझी गोष्ट, जमले तर, इथेच संपू द्या.